जुना ट्रॅव्हल ट्रेलर दलालाशिवाय विकताना: भाव कसा काढायचा, कागद कसे सोडवायचे

काका, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. १४ फुटी, सिंगल ॲक्सल ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं, आत राहायची सोय असलेलं घर, नोंदणी फेब्रुवारी २०१९ ची. बांधून घ्यायला ७ लाख ८० हजार लागले, पुढे सोलर, लिथियम बॅटरी आणि बाजूला उघडणाऱ्या कापडी छतावर आणखी दीड लाख गेले. आता गुडघ्यांमुळे फिरणं थांबलं, आणि मुलुंडच्या तुमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट निघाल्यामुळे दिवाळीपर्यंत जागा मोकळी करायची आहे. दलाल साडेतीन लाख सांगतो, शेजारी म्हणतात सातच्या खाली हात लावू देऊ नका.

दलालाने तुमचा ट्रेलर आतून भिजलाय असं धरून भाव केलाय. शेजाऱ्यांनी तुमचा खर्च धरून केलाय. भिवंडी बायपासजवळ मी एकोणीस वर्षं कॅराव्हॅन आणि ट्रेलर बांधतो, दुरुस्त करतो, आणि लोकांना ते विकायला मदतही करतो. त्यातून सांगतो की जुन्या ट्रेलरचा भाव किती किलोमीटर झाले, किती वर्षं झाली यावर फारसा ठरत नाही. ट्रेलर कोरडा आहे का आणि कागद सरळ आहेत का, यावर ठरतो. म्हणून भावाच्या आधी पाण्याचं बोलतो.

मुंबईचे चार महिने ट्रेलरची जी अवस्था करतात ती बाहेरून दिसत नाही. बाहेरचा एफआरपीचा, म्हणजे फायबरचा, पत्रा चकचकीत राहतो, आतलं सनमायकाही नीट दिसतं, आणि मधलं प्लाय मात्र कुजत असतं. पाणी शिरतं ते नेहमी त्याच जागांमधून: छतावरची हवेची खिडकी, सोलर पॅनेलच्या ब्रॅकेटचे स्क्रू, बाजूच्या छताची पट्टी, खिडक्यांचं रबर बीडिंग. यातल्या दोन गोष्टी तुम्ही नंतर बसवल्यात, म्हणजे तेवढी भोकं कारखान्याच्या सीलंटनंतर पडली आहेत. तिथे आधी बघा.

बघायचं कसं, तर गादी काढा, पलंगाखालची फळी उचला आणि खिडकीच्या बरोबर खालच्या कोपऱ्यात अंगठा जोरात दाबा. प्लाय कडक लागलं पाहिजे. अंगठा किंचित आत गेला, किंवा दाबल्यावर ओल्या बिस्किटासारखं वाटलं, तर पाणी तिथे पोचलंय. चार वर्षांपूर्वी एक गृहस्थ ट्रेलर घेऊन माझ्याकडे आले, रंग नवा, पडदे नवे. मी पलंगाखाली हात घातला तर मुठीत काळं, ओलं प्लाय आलं. त्यांनाही ते त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. गिऱ्हाइकाचा हात तिथे जायच्या आधी तुमचा जायला हवा.

लाकडाची ओल मोजायचं दोन पिनांचं छोटं मीटर मिळतं, ते घ्या किंवा एखाद्या सुताराकडून एका दिवसापुरतं आणा. फक्त पावसाळ्यात त्याचा आकडा जसाच्या तसा धरू नका. मुंबईच्या हवेतच इतकी ओल असते की चांगलं प्लायसुद्धा जास्त दाखवतं. म्हणून मधल्या कपाटाच्या आत, जिथे पाणी जाणं शक्य नाही, तिथला आकडा आधी घ्या आणि मग कोपऱ्यांचे घ्या. कपाटात १४ आणि कोपऱ्यात १५-१६ असेल तर काळजी नाही. कपाटात १४ आणि कोपऱ्यात २४ असेल तर गळती आहे. प्रत्येक जागी मीटर टोचलेलं असतानाच फोटो काढून ठेवा. हे फोटो पुढे जाहिरातीत तुमच्या रंगरंगोटीपेक्षा जास्त काम करतील.

आणि कृपा करून दार उघडल्यावर वास येऊ नये म्हणून आत फ्रेशनर फवारू नका, डांबराच्या गोळ्याही ठेवू नका. ज्याने एकदा जुना ट्रेलर घेतलाय तो माणूस तो वास आला की आधी जमिनीचे कोपरे तपासायला लागतो. उन्हाचे दोन दिवस मिळाले की सगळी दारं, कपाटं, पलंग उघडे टाका, तेवढं पुरे.

आता भाव. मोटारींना जुन्या भावाची तयार यादी मिळते, ट्रेलरला आपल्याकडे तशी यादी नाही, कारण मुळात विक्रीच थोडी होते. विम्याच्या पॉलिसीवरचा आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली वाहनाची किंमत, दाखवून कोणी भाव पाडायला आलं तर त्याला नम्रपणे नाही म्हणा. आयडीव्ही ठरलेल्या घसाऱ्याने उतरतो, पाचव्या वर्षाअखेर निम्म्यावर येतो, आणि पाच वर्षांनंतर तो विमा कंपनी आणि तुम्ही आपसात ठरवता. शिवाय नंतर बसवलेल्या वस्तू तुम्ही पॉलिसीत लिहून घेतल्या नसतील तर त्या त्यात धरलेल्याच नसतात. तो आकडा विम्यापुरता आहे.

मी उलट्या बाजूने हिशोब करतो. आज असाच ट्रेलर नवा बांधायला गेलं तर किती लागेल? तुमच्या मापाचा, साध्या फिटिंगचा ट्रेलर मी आज बांधायला घेतला तर सोलर-लिथियम सोडून १० लाखांच्या आसपास जाईल. तुम्ही आणखी एक-दोन बांधणाऱ्यांकडून लेखी कोटेशन घ्या. ते पुढे गिऱ्हाइकाला दाखवायला लागेल. या दहातले साधारण साडेसहा लाख चासी, ॲक्सल, भिंती आणि छताचे, म्हणजे कवचाचे; साडेतीन लाख आतल्या फर्निचर, नळ, टाक्या, शेगडी, टॉयलेट, वायरिंगचे. सहा-सात वर्षांचं कोरडं कवच मी निम्म्याहून थोडं वर धरतो, म्हणजे ३ लाख ४० हजार. आतलं सामान फार लवकर उतरतं, त्याचे सुमारे एक तृतीयांश, १ लाख २० हजार. सोलर, बॅटरी आणि बाजूच्या छतावरच्या दीड लाखाचे फार तर ५५ हजार. बेरीज ५ लाख १५ हजार.

तुम्हाला या शेवटच्या आकड्याचं वाईट वाटेल हे मला माहीत आहे. दीड लाख हौसेने घातले आणि त्याचे पंचावन्न हजार! पण घेणाऱ्याला त्याच्या पद्धतीने बॅटरी हवी असते, त्याला तुमचा ब्रँड नको असतो, आणि लिथियम बॅटरीची वॉरंटी संपलेली असली तर तो तिचे पैसे धरतच नाही. बॅटरीचं बिल आणि वॉरंटी कार्ड सापडलं तर त्या पंचावन्नचे सत्तर होऊ शकतात. शोधून ठेवा.

त्यातून वजा होतं ते टायर आणि किरकोळ कामाचं. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ४६१८ असेल तर २०१८ सालच्या शेहेचाळीसाव्या आठवड्यातला टायर. तुमचे मूळचेच टायर असतील तर नक्षी नव्यासारखी दिसली तरी ते बदलायला आलेत. उभ्या ट्रेलरचं वजन वर्षानुवर्षं एकाच जागी पेललेलं रबर बाजूने चिरतं. टायर, व्हील बेअरिंगचं ग्रीस आणि छताचं सीलंट मिळून तीसेक हजार धरा. हे काम न करता विकलंत तर गिऱ्हाईक तीसचे साठ धरून मागेल. स्वतः करून घ्या, बिलं ठेवा.

म्हणजे ट्रेलर कोरडा आणि काम केलेलं असेल तर खरा भाव पाचच्या थोडा वर. जाहिरातीत ५ लाख ४५ हजार लिहा, पाचच्या आसपास सोडा, पावणेपाचच्या खाली जाऊ नका. इथे घासाघीस केल्याशिवाय माणसाला घेतल्याचं समाधान मिळत नाही, म्हणून वरचे चाळीसेक हजार त्या बोलण्यासाठीच आहेत. सात लाख लिहिलेत तर मात्र खरा गिऱ्हाईक फोनच करणार नाही, आणि महिनाभराने तुम्ही भाव उतरवलेला सगळ्यांना दिसेल. आणि कोपरा भिजलेला निघाला तर सव्वा ते दीड लाख कमी करा आणि तसं जाहिरातीत लिहा. दलालाचा साडेतीनचा आकडा तिथूनच आलाय.

घेणारे कोण असतात हेही डोक्यात ठेवा. तुम्हाला वाटेल, आपल्यासारखं फिरणारं एखादं जोडपं घेईल. ते आहेतच. पण जास्त फोन येतील ते पवना धरण, कर्जत, भंडारदरा, काशीद या बाजूंना कॅम्पसाइट चालवणाऱ्यांचे, आणि मुरबाड-शहापूरकडे फार्महाऊस असलेल्यांचे. यांना ट्रेलर एका जागी उभा करायचा असतो. त्यांना तुमचं बेअरिंग नि कपलर (ट्रेलर गाडीला अडकवायचा पुढचा भाग) किती चांगलं आहे याच्याशी घेणं नाही, पलंग, पंखा आणि टॉयलेट हवं असतं. ते चटकन रोख बोलतात आणि हमखास म्हणतात, “आमच्याकडे तो उभाच राहणार, नावावर करायची काय गरज?” त्याला काय उत्तर द्यायचं ते पुढे लिहितो. फिरणारं जोडपं मात्र आधी हिचखाली, म्हणजे गाडी-ट्रेलरच्या जोडाखाली, वाकेल, सात पिनांचं सॉकेट लावून दिवे बघेल. सॉकेटमधल्या पिना गंजलेल्या असतील तर एवढ्याशा गोष्टीवरून ते बाकी सगळ्याबद्दल शंका घेतात. बारीक सँडपेपर आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने पाच मिनिटांत साफ होतं, उजवा-डावा सिग्नल आणि ब्रेक दिवे दुसऱ्या माणसाला मागे उभं करून तपासा.

वेळ. तुम्हाला दिवाळीची मुदत आहे, ती तुमच्या फायद्याची करून घेता येईल. गणपती गेले की पितृपक्ष लागतो. त्या पंधरवड्यात आपल्याकडे कोणी वाहन घरी आणत नाही, पण बघून ठेवायला सगळे मोकळे असतात. जाहिरात पितृपक्षाच्या सुरुवातीला टाका. तेव्हा अजून पाऊस असतो, आणि धो धो पावसात कोरडा ट्रेलर दाखवता आला तर त्याहून मोठा पुरावा नाही. टोकन घटस्थापनेला, ताबा दसऱ्याला, असं बोललात की घेणाऱ्यालाही बरं वाटतं. सोसायटीने जागा मोकळी करायला सांगितली आहे हे मात्र कोणालाही सांगू नका. ते कळलं की समोरचा माणूस भाव करत नाही, तुमच्या तारखेची वाट बघत बसतो. अगदीच लागलं तर महिनाभर भाड्याच्या यार्डात उभा करा. ते भाडं घाईत सोडलेल्या पन्नास हजारांपेक्षा कमीच असेल.

जाहिरातीत फोटो भरपूर टाका, पण सजवलेले नकोत. पलंगाखालचा कोपरा, टायरचे चार आकडे, कपलर, छत वरून, उघडं बॅटरीचं कपाट. दोष स्वतः लिहा: “डावीकडचं खालचं कपाट नीट लागत नाही, बाजूच्या छताला एक फाट शिवलेली आहे.” दोष लिहिलेले असले की फोन कमी येतात, पण आलेला माणूस घेण्यासाठी आलेला असतो. ट्रेलर दिवसाउजेडी दाखवा आणि घरातलं कोणीतरी सोबत ठेवा.

आता कागद, आणि इथे मला तुम्ही घाई करू नये असं फार मनापासून वाटतं. ट्रेलर कायद्याने स्वतंत्र मोटार वाहन आहे. त्याला स्वतःचा नंबर, स्वतःची आरसी असते. तुमची तशी आहे, ही मोठी जमेची बाजू आहे. कितीतरी ट्रेलर बिननोंदणीचे उभे आहेत आणि ते फक्त ट्रकवर लादून कॅम्पसाइटलाच जातात, तेही कमी भावात. आरसीवर वाहनाचा प्रकार खासगी वापराचा ट्रेलर किंवा कॅम्पर असाच आहे ना, बघून घ्या. कर्ज घेतलं होतं आणि ते फिटलंय, पण आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसत असेल, तर बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन तो आधी उतरवा. बोजा असताना नावावर होत नाही.

तुमची नोंदणी १ एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेट तुम्हाला वेगळी बसवून घ्यावी लागते. ती नसली की महाराष्ट्रात हस्तांतराचं काम आरटीओत अडतं. बसवली नसेल तर अपॉइंटमेंट आजच घ्या.

एक बारीक गोष्ट, जी हमखास शेवटच्या दिवशी आठवते. हस्तांतराच्या अर्जाला चासी नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा लागतो. ट्रेलरवर तो नंबर बहुधा पुढच्या दांड्यावर, कपलरच्या मागे ठोकलेला असतो, जिथे रस्त्याचं पाणी सतत उडतं. खाऱ्या हवेने तिथे गंज चढतो. जुन्या टूथब्रशने रॉकेल लावून हळूहळू साफ करा, वरून पारदर्शक ग्रीसचा हात फिरवा. ग्राइंडर किंवा जाड सँडपेपर अजिबात लावू नका. नंबरला छेडछाड केल्यासारखं दिसलं तर तो गुंता सोडवायला महिने जातात. पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवून पेन्सिल आडवी फिरवा. आकडे वाचता आले की तसे तीन-चार ठसे काढून ठेवा.

हस्तांतरासाठी फॉर्म २९ हा तुमचा, विकल्याची सूचना देणारा. फॉर्म ३० हस्तांतराच्या अर्जाचा. मुलुंड असल्याने तुमचं काम वडाळ्याच्या आरटीओत, एमएच ०३ मध्ये. महाराष्ट्रातच विकलंत तर कायद्याने तुम्ही १४ दिवसांच्या आत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत. घेणारा गोव्याचा किंवा गुजरातचा असेल तर आधी फॉर्म २८ वर एनओसी घ्यावी लागेल, तिला वेळ धरा. कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊ नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरल्यावरच सही.

आता त्या कॅम्पसाइटवाल्याचं उत्तर. उभा राहणार असला तरी नावावर झालाच पाहिजे, आणि का ते मी स्वतः भोगलंय. २०१३ साली मी एक ट्रेलर ओळखीतल्या माणसाला दिला, कोऱ्या फॉर्मवर सही करून, “तुम्ही करून घ्या” म्हणून. त्याने पुढे तिसऱ्याला दिला. दीड वर्षाने घाटात तो ट्रेलर हिचवरून सुटला आणि एका दुचाकीला लागला. सुदैवाने त्या मुलाच्या फक्त पायाला दुखापत झाली, पण पोलिसांचा फोन मला आला, कारण नाव माझंच होतं. ती रात्र मी विसरलेलो नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केलं: तिथे गाडी एकापाठोपाठ अनेकांना विकली गेली होती, पण नोंदीत पहिल्याचंच नाव होतं, आणि भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावर आली. म्हणून वीस-पंचवीस हजार नाव बदलेपर्यंत अनामत म्हणून घेणाऱ्याकडून जादा घेऊन ठेवा, पावतीवर तसं लिहा, आणि नाव बदललेलं परिवहनच्या संकेतस्थळावर दिसलं की परत करा. खरा गिऱ्हाईक याला नाही म्हणत नाही.

विमा तुमच्या ट्रेलरच्या नंबरवर आहे की गाडीच्या पॉलिसीला जोडलेला, ते बघा. गाडीला जोडलेला असेल तर विक्रीच्या दिवशी ट्रेलर त्यातून काढून घ्या आणि घेणाऱ्याला त्याची पॉलिसी आणायला सांगा. स्वतंत्र पॉलिसी असेल तर ती नावावर करून घ्यायला त्याला १४ दिवस असतात.

पैशांचं थोडक्यात. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, कॅम्पसाइटवाला कितीही आग्रह करो. आरटीजीएस आता चोवीस तास चालतं. पैसे जमा झाले हे स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिलकीत बघा, मेसेज किंवा स्क्रीनशॉट बघून किल्ली देऊ नका. तुमच्या वयाच्या माणसांना एक फोन हमखास येतो: “मी लष्करात आहे, न बघता घेतो, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे टोकन येईल.” पैसे यायला पिन लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा. आरसी आणि आधारच्या प्रती व्हॉट्सॲपवर कोणालाही आधी पाठवू नका. द्यावीच लागली तर प्रतीवर आडवं लिहा की कोणत्या व्यवहारासाठी, कोणत्या तारखेला दिली.

ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, “सकाळी ११.२०” अशी, म्हणजे त्यानंतरचं चलान कोणाचं यावर वाद राहत नाही. आणि घेणारा स्वतःच्या गाडीने ओढून नेणार असेल तर ट्रेलरच्या मागे त्याच्या गाडीचा नंबर लावलेला असायला हवा, तसा कायदा आहे. एक पाटी आधीच करून आणायला सांगा. तुमचं सोसायटीचं गेट अरुंद आहे असं लिहिलंय, तर ट्रेलर आदल्या दिवशी बाहेर मोकळ्या जागेत काढून ठेवा. नव्या माणसाला पहिल्याच वेळी ट्रेलर मागे घ्यायला लावू नका.

आता टायरवरचे चार आकडे आणि पलंगाखालच्या दोन्ही कोपऱ्यांचे मीटरचे आकडे मला कळवा. पाच लाख पंधरा धरायचे की त्यातून वजाबाकी करायची, ते मग नक्की सांगतो.